९८८ पायांचा पाहुणा

बीपी वाढलंय असं सांगितलं तर माणसं दुधी भोपळ्याचा रस सुचवतात आणि विषय संपतो. लॅपटॉप हळू चालतोय असं सांगून बघा. ज्याची मजल आयुष्यभर कॅल्क्युलेटरच्या पुढे गेली नाही, तोही खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, "रॅम किती आहे?" आकडा काहीही सांगा, त्याचा चेहरा एकच होतो. वाईट झालं, पण होणारच होतं, असा.

माझा लॅपटॉप २०१३ सालचा. बटण दाबायचं, उठून मोटार सुरू करायची, आणि गच्चीवरची टाकी भरून पाणी अंगणात पडायला लागलं की समजायचं, डेस्कटॉप आला असेल. घरातल्यांनी हे इतकं अंगवळणी पाडून घेतलंय, की "बाबांचा लॅपटॉप लागला वाटते" हा आमच्याकडे मोटार बंद करायचा इशारा आहे. कळफलकावरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत. पण बोटांना जागा पाठ आहेत, श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली त्यातच उघडतात, आणि वर्ड, ईमेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज यापलीकडे मी त्याला काही करायला सांगत नाही. तो तेही हो-नाही करत करतो.

आता गावाबद्दल. आमचं राजूर म्हणजे वणी तालुक्यातलं, यवतमाळ जिल्ह्यातलं. हे फोड करून सांगतोय त्याला कारण आहे. अकोले तालुक्यात एक राजूर आहे. जालना जिल्ह्यात गणपतीचं राजूर आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात तर राजुराच आहे, आणि तो तालुक्याचा गाव असल्यामुळे आमच्यावर कायम दादागिरी करतो. आमच्या राजूरची ओळख दोन गोष्टींची: कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. त्यामुळे पांढरा शर्ट घालून निघालात तर एक धूळ दिसते आणि काळी पँट घातली तर दुसरी. मधल्या रंगाचे कपडे घालणारा माणूस इथला जुना रहिवासी समजावा.

तर नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला. त्यानं लॅपटॉप उलटा केला, खालचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि सोनं सापडल्यागत ओरडला, "मामा, याचा प्रोसेसर सॉकेटवाला हाय!"

"म्हणजे वाईट का?"

"वाईट काहून? लय चांगलं. काढून दुसरा टाकता येते न!"

त्यानं मग समजावून सांगितलं, आणि ते खरोखर कळण्यासारखं होतं. एके काळी लॅपटॉपचे बरेचसे प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेले असत. एक छोटा स्क्रू अर्धा फिरवला की पकड सैल होते आणि प्रोसेसर उचलून हातात येतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत हे सुख होतं. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचा प्रोसेसर थेट बोर्डाला डाखलेला येऊ लागला. बदलायचा तर अख्खा बोर्ड बदला. जुन्यातही नावाच्या शेवटचं अक्षर बघायचं. 'यू' असेल तर डाखलेलाच समजा, 'एम' असेल तर आशेला जागा आहे. माझा निघाला आय-३ ३११०एम. तिसरी पिढी, दोन कोअर, ३५ वॅट, आणि पोटाखाली ९८८ पिना. त्याच जागी आय-७ ३६३२क्यूएम बसतो. तोही ३५ वॅटचाच, पण चार कोअरचा.

"मामा, दोनाचे चार होऊन जाईन," भाचा म्हणाला.

आतल्या खोलीतून आमच्या मातोश्रींनी विचारलं, "कोणाचं जमलं रे बाप्पा?"

राजुरात एखादी गोष्ट घरात ठरत नाही. ती पानठेल्यावर ठरते. संध्याकाळी तिथे पन्नीवर खर्रा घोटत उभ्या असलेल्या मंडळासमोर भाच्यानं प्रस्ताव मांडला. पहिला ठराव आला, "फॉरमॅट मारून टाका." हा आमच्याकडचा सर्वरोगहारी उपाय आहे. मोबाइल, टीव्हीचा बॉक्स, एकदा तर शेजारच्या वॉशिंग मशीनलाही कोणीतरी फॉरमॅट सुचवला होता. दुसऱ्याचं निदान व्हायरसचं. तिसरा कोळशाचा ट्रकवाला. तो बराच वेळ ऐकत होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, "मायलेज किती देते?"

मंडळ हसलं. पण माझ्या मते त्या संध्याकाळचा तो एकमेव शहाणा प्रश्न होता. कारण बाजारात ४५ वॅटचे आय-७ पण मिळतात, त्याच सॉकेटात बसतात आणि आकड्यांनी जास्त देखणे दिसतात. लॅपटॉपमधली तांब्याची नळी आणि पंखा मात्र ३५ वॅटची उष्णता बाहेर काढायच्या बेतानं दिलेला. दहा वॅटचा हा फरक मुंबईत खपून जाईल. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कूलरसमोर बसलेला माणूसही शुद्धीवर आहे की नाही हे विचारून घ्यावं लागतं. फार तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त वेगाचा आणायचा आणि त्यानं उन्हाळाभर मुद्दाम हळू चालायचं. अशी माणसं ठाऊक होती, यंत्रंही निघाली.

त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरी अडचण असते, ती मंडळात कोणाला सुचली नाही. नव्या प्रोसेसरला लॅपटॉपच्या बायोसनं, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमनं, ओळखायला हवं. नाही ओळखलं तर पडदा काळा तो काळाच. सगळं नीट बसवलंय, पेस्ट लावलीय, स्क्रू आवळलेत, आणि तो तुमच्याकडे बघतोय, ओळख दाखवत नाही. तुमच्याच मॉडेलमध्ये, तुमच्याच बायोसवर, तोच प्रोसेसर कोणी तरी आधी चालवलाय का, हे पैसे देण्याआधी शोधायचं असतं. नंतर शोधणारे बहुसंख्य असतात.

भाच्याला मात्र चारचा आकडा सोडवत नव्हता. त्यानं थेट विजय भटकरांना साक्षीला आणलं. भटकर आपल्याच वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. अमेरिकेनं हवा तसा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या चमूनं ट्रान्सप्युटर नावाचे लहान लहान प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि १९९१ साली परम ८००० उभा केला. "एकानं होत नाही तं अनेक लावा, हेच तं सांगितलं न त्यायनं!" भाचा म्हणाला. मी म्हटलं, बरोबर आहे, पण भटकरांच्या चमूला हवामानाची आणि विज्ञानाची गणितं सोडवायची होती, मला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायचाय.

खरं तर अशा वादात माणसानं जरा इतिहास बघावा. १९६५ साली, पुढे इंटेलचे सहसंस्थापक झालेल्या गॉर्डन मूर यांनी भाकीत केलं, की चिपवरच्या घटकांची संख्या वर्षागणिक दुप्पट होईल. १९७५ मध्ये त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. ते भाकीत इतकं खरं ठरलं की १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २३०० ट्रान्झिस्टर होते आणि २०१२ च्या तिसऱ्या पिढीतल्या चार कोअरच्या चिपमध्ये १४० कोटी. म्हणजे साधारण आपल्या देशाची लोकसंख्या, १६० चौरस मिलिमीटर जागेत, रांगेत उभी. मग कामं झटपट व्हायला हवी होती. पण १९९५ साली निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं, की यंत्रं जितक्या वेगानं सुधारतात त्याहून अधिक वेगानं सॉफ्टवेअर सुस्तावतं. विर्थ राजूरला कधी आले असतील असं वाटत नाही, पण माझा लॅपटॉप त्यांनी पाहिला असावा.

माझ्या पत्नीनं एवढ्या मोठ्या प्रकरणात एकच वाक्य टाकलं. "अहो, त्याचे चार कोअर झाले तर तुमचे लेख लवकर लिहून होतील का?" हा प्रश्न मी कार्यवृत्तांतातून वगळला.

आणि इकडे भाच्यानं मला न विचारता तो आय-७ ऑनलाइन मागवूनसुद्धा टाकला. वापरलेला, पण 'टेस्टेड', असं लिहिलेला. पार्सल निघालं. नागपूरपर्यंत आलं. मग मोबाइलवर संदेश झळकला: राजुरा येथे पोहोचले. राजुरा! त्या तालुक्याच्या गावाची दादागिरी आता इथवर आली. भाच्यानं फोन केला. पलीकडच्या माणसानं दिलगिरी व्यक्त केली, चूक सुधारतो म्हणाला, आणि त्यानं ती अशी सुधारली की पार्सल पुन्हा निघून अकोले तालुक्यातल्या राजूरच्या वाटेला लागलं. तिकडे सह्याद्रीच्या थंड हवेत त्या प्रोसेसरचं तापमान पुन्हा कधी येणार नाही इतकं खाली आलं असणार.

हे पार्सल महाराष्ट्रदर्शन करत असताना खरा निकाल लागला. तो लावला आमच्या शेजारच्या काकाजींनी. काकाजी खाणीतून निवृत्त झालेले. सारी नोकरी हॉलेज खलाशी म्हणून काढली, म्हणजे भूमिगत खाणीतून कोळशाने भरलेले टब दोरखंडाने वर ओढणाऱ्या यंत्रावर. कॉम्प्युटर त्यांनी फक्त पेन्शनच्या वेळी, काउंटरच्या पलीकडून पाहिलेला. ते पीक विम्याचा अर्ज भरून घ्यायला आले होते आणि लॅपटॉप सुरू व्हायची वाट बघत बसले होते. टाकी केव्हाच भरून वाहिली होती.

रिकामा वेळ म्हणून मी टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. हा उद्योग कोणीही करून बघावा, फुकट आहे. तिथे चार आकडे ओळीने दिसतात. प्रोसेसरखाली लिहिलं होतं ९ टक्के. डिस्कखाली १०० टक्के, लालभडक. कधी ९८ होई, पुन्हा १००.

काकाजींनी चष्मा वर केला. "हे काय हाय जी?"

"हा प्रोसेसर. हिशेब करणारा. आणि ही डिस्क, जिथून माल येतो."

"म्हंजे हिशेबवाला बसून हाय?"

"बसूनच आहे."

"अन् पोट्टा त्यालेच बदलून राहिला?"

मी मान हलवली. काकाजी हसले नाहीत. त्यांनी नोकरीतला प्रकार सांगितला, आणि त्यांच्या त्या चार-पाच वाक्यांत या विषयावरचं जेवढं शहाणपण आहे तेवढं मी छापील कुठे वाचलं नाही. खाली कोळसा भरणारे लोडर दुप्पट करा, तिप्पट करा. वर ओढणारं हॉलेज तेवढंच असलं तर वर येणारा कोळसा तेवढाच. फरक एवढाच, की आधी खाली दहा माणसं बसून बिडी पीत होती, आता वीस पितात. आणि साहेब विचारतो, एवढी माणसं दिली तरी उत्पादन का वाढत नाही.

मी रात्री कागद घेऊन हिशेब केला. जुन्या लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. माझा आय-३ चालतो २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. तबकडी एक फेरा पुरा करेपर्यंत प्रोसेसरचे २ कोटी ६६ लाख ठोके होऊन जातात, आणि हवी ती फाइल अजून सुईखाली आलेली नसते. त्याच्या जागी आय-७ बसवला आणि तो जोरात आला, तर ३.२ गिगाहर्ट्झ. तेवढ्याच फेऱ्यात तो ३ कोटी ५५ लाख ठोके फुकट घालवणार. तेही चार-चार कोअर. म्हणजे पैसे खर्च करून आम्ही घरात आळस आणत होतो, आणि तो बाहेरून मागवत होतो.

बदलायची होती ती डिस्क. तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत तबकडीच नाही, सुई नाही, फेरा नाही. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या पुढे. आणि छोट्या छोट्या शेकडो फायली शोधायच्या असतात तिथे, म्हणजे नेमकं लॅपटॉप सुरू होताना, फरक याहून कितीतरी मोठा असतो. ती बसवायला दोन-चार स्क्रू पुरतात. बायोसला ओळख पटवावी लागत नाही. वॅटचा हिशेब नाही.

वणीतल्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोरानं पंख्याचं झाकण काढलं आणि हाक मारून मालकाला बोलावलं. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये राखाडी थर जमला होता. काळा कोळसा, पांढरा चुना, दोन्ही सारख्या प्रमाणात. पोरानं चिमट्यात धरून ओढला तर तो एका तुकड्यात, पात्यांच्या खुणांसकट, सलग बाहेर आला. त्याच्यातून हवा काय, नजरही पार गेली नसती. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून तिची खपली झाली होती. ती खरवडून नवी पेस्ट लावली. ४ जीबीची रॅम ८ केली. एसएसडी टाकली. पोराला मी विचारलं, "प्रोसेसर बदलावा का?" त्यानं माझ्याकडे न बघता स्क्रू आवळत उत्तर दिलं, "काय करता जी, व्हिडिओ एडिटिंग करता का?"

यात सगळं आलं. ज्याला लग्नाचे व्हिडिओ कापायचेत, ड्रोननं काढलेली वरात आणि त्यावर गाणं चढवायचंय, त्याचा प्रोसेसर टास्क मॅनेजरमध्ये तासन् तास १०० वर असतो. त्यानं दोनाचे चार जरूर करावेत. त्याचा वेळ खरंच वाचेल. बाकीच्यांचा प्रोसेसर वाट बघण्याच्या नोकरीला असतो.

आणि ज्यांना वाटतं की आय-७ टाकला की लॅपटॉप नवा होईल, त्यांच्यासाठी आणखी एक बाब आहे, जी भाच्याला सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमचा आय-३ तिसऱ्या पिढीचा. तो आय-७ पण तिसऱ्याच पिढीचा. म्हणजे घराणं तेच, फक्त पदवी मोठी. मायक्रोसॉफ्टच्या दारातून दोघेही सारखेच परत येतात. मग मी लिनक्स टाकलं. त्यात सी-डॅकचं बॉस आहे, मिंट आहे. दोन्ही फुकट, आणि जुन्या यंत्राला वयावरून बोलत नाहीत. श्रीलिपीच्या फायलींसाठी विंडोज एका कोपऱ्यात ठेवलंय, पण त्याला इंटरनेट दाखवत नाही.

आता बटण दाबलं की टाकीच्या तळालाही पाणी लागत नाही तोवर डेस्कटॉप हजर असतो. घरात यामुळे थोडा गोंधळ झाला; पहिल्या दिवशी मोटार तशीच चालू राहिली आणि शेजारच्यांच्या अंगणापर्यंत पाणी गेलं. काकाजींचा पीक विम्याचा अर्ज उघडला. मोठ्या रुबाबात नाव, गाव, गट नंबर भरला, बटण दाबलं. पडद्यावर चकरी फिरायला लागली. फिरतच राहिली. टास्क मॅनेजरसारखं लिनक्समध्येही एक बघायला मिळतं, ते उघडलं. प्रोसेसर ३ टक्के. डिस्क १ टक्का. रॅम निवांत. साइट बंद.

काकाजी म्हणाले, "यांचं हॉलेज वरूनच बंद हाय." आणि चहा मागवला.

पार्सल आलं तेव्हा भाचा नागपूरला परत गेला होता. खोक्यावर तीन गावांचे शिक्के आणि एक मोबाइल नंबर खोडून दुसरा लिहिलेला. आत गुलाबी फोममध्ये रुतवलेला आय-७. भिंग घेऊन पाहिलं, एकही पाय वाकलेला नाही. एवढा प्रवास करून सगळ्या पायांनी धड आलेला पाहुणा परत पाठवणं जिवावर आलं, शिवाय विक्रेत्याची परत घ्यायची मुदत तो अकोले तालुक्यात असतानाच संपली होती. ट्रकवाल्यानं पानठेल्यावर तो हातात घेऊन पाहिला, उलटसुलट केला आणि एवढंच म्हणाला, "इतकासा?"

तेव्हा वाचकहो, इंटेल आय-७ ३६३२क्यूएम, चार कोअर, ३५ वॅट, पाय ९८८ आणि सगळे सरळ, योग्य स्थळी देणे आहे. अटी मोजक्या. लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा आणि सॉकेटवाला हवा, बायोसनं होकार दिलेला हवा, एसएसडी आधीच टाकलेली हवी, पंखा साफ केलेला हवा, आणि एवढं करूनही टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांवर असल्याचा फोटो सोबत आणावा. किंमत बसून ठरवू. न्यायला स्वतः या: राजूर कॉलरी, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ. कुरिअरनं पाठवला जाणार नाही.